महिन्याच्या रिव्ह्यूत माझी ततपप होते, काय करू?

तिसरी पाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. डिप्लोमा केलाय, दहावीपर्यंत मराठी माध्यम, गाव जुन्नरकडे. अकरा वर्षं लाइनवर गेली. कुठल्या मशीनवर कुठलं माप कधी सरकतं हे झोपेतून उठवलंत तरी सांगेन. पण गेल्या वर्षी बढती मिळाली आणि सोबत महिन्याचा क्वालिटी रिव्ह्यूही गळ्यात पडला. नऊ स्लाइड, वीस मिनिटं, समोर प्लांट हेड आणि सगळे खातेप्रमुख.

गेल्या वेळचं सांगतो. आम्ही महिन्यात ६०,००० ब्रॅकेट पाठवले, त्यातले ४२ परत आले. म्हणजे दहा लाखांमागे ७००, आमच्या भाषेत ७०० पीपीएम. रात्री दीडला स्लाइड करताना एक शून्य खाल्लं गेलं आणि पडद्यावर आलं ७०. प्लांट हेडनी शांतपणे विचारलं, "४२ नग परत आले आणि पीपीएम ७० कसा?"

मला चूक त्याच क्षणी दिसली. दिसली, पण तोंडातून शब्द फुटेना. मी सगळं इंग्रजीत लिहून पाठ केलं होतं, 'गुड मॉर्निंग टू ऑल'पासून. त्या पाठात हा प्रश्न नव्हता. कानात गरम वाफ आल्यासारखं झालं. मी "सर, ॲक्च्युअली... सर..." एवढंच करत राहिलो. शेवटी आमच्या मॅनेजरनी माझ्या हातातून माउस घेतला आणि पुढचं त्यांनी सांगितलं. मी बाजूला उभा, लग्नात नारळ धरून उभं राहावं तसा.

नंतर कॅन्टीनमध्ये ज्युनिअर पोरगा म्हणाला, "सर, बरं नव्हतं का तुम्हाला?" ते जास्त लागलं.

पुढचा रिव्ह्यू चोवीस दिवसांवर आहे आणि त्याला कस्टमरची दोन माणसंही बसणार आहेत. कोणी यातून गेलं असेल तर सांगा. 'आत्मविश्वास ठेवा' हे सांगू नका, ते घरच्यांनी सांगून झालंय.

---

सुपारीफोड्या

आधी एक सांगतो, लेझर पॉइंटर घेऊ नका. आमच्या हापिसात एकाचे हात थरथरायचे म्हणून त्याने पॉइंटर आणला. हात थरथरत होता सुईएवढा, पण तो लाल ठिपका पडद्यावर गरबा खेळत होता. लोक आकडे सोडून ठिपकाच बघत बसले.

तीच गोष्ट हातातल्या कागदाची. फडफडतो. जाड पुठ्ठा घ्या.

बाकी जाणकार येतीलच. मी बसतो पॉपकॉर्न घेऊन.

---

रानजाई

तिसरी पाळी, तुमचं दुखणं भीतीचं कमी आणि पाठांतराचं जास्त वाटतंय. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेची सवय आपल्या हाडात असते. सर भाषण लिहून देणार, आपण आरशासमोर घोकणार, मधलं एक वाक्य विसरलं की पुन्हा 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग'पासून सुरू. रिव्ह्यूत मधेच प्रश्न येतात, तिथे ही गाडी रुळावरून उतरणारच.

पाठ करायचंच तर पहिली दोन वाक्यं करा, बस. सुरुवातीचं मिनिट सगळ्यात वाईट असतं, तेवढं ते तारून नेतात. बाकीच्या स्लाइडचं मथळ्यातच वाक्य करून टाका. आत्ता तुमच्या स्लाइडवर 'पीपीएम ट्रेंड' असं काहीतरी असेल. त्याऐवजी लिहा: '४२ पैकी अमुक नग एकाच कारणाने परत आले.' बोलायचं विसरलात तरी मथळा वाचला की मुद्दा पोहोचतो, आणि तिथून पुढे आपोआप सुचतं.

आणि सराव मोठ्याने करा, उभं राहून, फोनवर रेकॉर्ड करून. मनातल्या मनात केलेला सराव फार फसवा असतो, मनात आपण कधीच अडखळत नाही. स्वतःचा आवाज ऐकताना पहिल्यांदा लाज वाटेल, तिसऱ्यांदा ऐकाल तेव्हा चुका दिसतील.

त्या शून्याचं म्हणाल, तर उत्तर एवढंच होतं: "स्लाइडवर शून्य राहिलंय सर, ७०० आहे." ते जमलं असतं तर तुम्ही हा धागा काढला नसता.

---

अनुस्वार

प्रेझेंटेशनला सादरीकरण हा सुंदर शब्द आहे. रिव्ह्यूला आढावा. वापरायला काय हरकत आहे?

---

सुपारीफोड्या

@अनुस्वार, आढाव्यात शून्य राहिलं तर ते परत येतं का?

---

निवृत्त फोरमन

भाऊ, तुमचा धागा वाचून जुने दिवस आठवले. मी भोसरीला आणि नंतर पिंपरीत मिळून चौतीस वर्षं शॉपवर काढली.

तुमच्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल, क्वालिटी सर्कल आपल्याकडे १९८० मध्ये 'भेल'च्या हैदराबादच्या कारखान्यातून सुरू झालं. दोनच वर्षांनी, १९८२ मध्ये, त्यांचं देशव्यापी फोरमही उभं राहिलं. मग आमच्या पट्ट्यातही सर्कलं निघाली. सहा-आठ कामगार आठवड्यातून तासभर बसायचे, आपल्याच मशीनचा एखादा त्रास घ्यायचे, माशाच्या काट्याचं चित्र काढून कारणं शोधायचे. पुढे स्पर्धेत मांडायचे. तेव्हा प्रोजेक्टरवर पारदर्शक फिल्म ठेवायची, स्केचपेनने लिहिलेली.

आता ऐका. ही आयटीआयची पोरं. एकजण तर आठवी नापास. तीनशे माणसांसमोर उभा राहायचा आणि "आमच्या ड्रिलला रोज चार बिट तुटायची, आम्ही त्याचा पिच्छा पुरवला" म्हणून जी सुरुवात करायचा, परीक्षक पेन खाली ठेवून ऐकायचे. त्याला सभाधीट कोणी केलं? कोणी नाही. मशीन त्याचं होतं, बिट त्याच्या हातात तुटली होती. अन् बोलत मराठीत होता. तुम्ही अकरा वर्षं लाइनवर काढलीत, त्या खोलीत त्या ब्रॅकेटबद्दल तुमच्याइतकं कोणाला कळतं? एचआरवाल्याला?

एक युक्ती सांगतो. स्लाइड राहू द्या बाजूला, खिशात दोन नग घेऊन जा. एक पास, एक रिजेक्ट. शिवाय माप तपासायचं गेज. साहेबाच्या हातात द्या आणि म्हणा, घालून बघा. माणसाच्या हातात लोखंड आलं की तो तुमच्या इंग्रजीकडे बघत नाही.

---

तिसरी पाळी (धागाकर्ता)

@निवृत्त फोरमन काका, अंगावर काटा आला. नगाची कल्पना डोक्यातच आली नव्हती, आणि नग तर माझ्या टेबलाच्या खणात पडलेत.

@रानजाई ताई, काल मोबाइलवर रेकॉर्ड केलं. चार मिनिटांत 'ॲक्च्युअली' सतरा वेळा. बायकोने मोजले.

भाषेचं जरा अवघड आहे. प्लांट हेड कोइम्बतूरचे, कस्टमर गुरुग्रामचे. मराठीत कसं बोलणार?

---

शिवनेरीचा

आपल्याच जिल्ह्यात येऊन आपणच इंग्रजीत बोलायचं? साहेबाला दहा वर्षांत मराठी येऊ नये?

---

रानजाई

@शिवनेरीचा, तो वाद रास्त आहे पण वेगळा धागा काढा. या माणसाकडे चोवीसच दिवस आहेत.

धागाकर्ते, खोलीत जेवणाच्या सुट्टीत जी भाषा चालते तीच वापरा. 'फिक्स्चर नंबर दो की लोकेटिंग पिन घिस गई थी' हे वाक्य तिथल्या प्रत्येकाला कळतं आणि तुम्हाला अडखळत नाही. स्लाइड इंग्रजीत, तोंड हिंदीत. निम्मा चाकण असाच चालतो. एखादं वाक्य इंग्रजीत सुरू केलंत आणि अर्ध्यात अडकलात तर तिथेच हिंदीत वळा, माफी मागत बसू नका. ती माफी लोकांच्या लक्षात राहते, अडखळणं राहत नाही.

---

टाळकरी

आमच्या घरात तीन पिढ्या कीर्तन आहे, म्हणून चोंबडेपणा करतो.

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात बुवा एक अभंग घेऊन सिद्धांत मांडतात. मग मध्ये हार, बुक्का, थोडा दम. आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे तोच सिद्धांत गोष्टीतून. श्रोत्यांना घरी जाताना आठवतं ते आख्यान. तुमच्या नऊ स्लाइड म्हणजे नुसता पूर्वरंग दिसतोय, आलेखांवर आलेख. त्या ४२ नगांची गोष्ट कुठाय? कुठल्या दिवशी, कुठल्या पाळीत, कोणाच्या लक्षात आलं?

आणखी एक. चांगले बुवा पहिली ओळ सुरू करण्याआधी थांबतात. टाळ-मृदंग शांत होतो, बुवा श्रोत्यांवरून नजर फिरवतात, मग बोलतात. नवशिका बुवा घाईने तोंड उघडतो. खोलीत शिरताच बोलायला लागू नका, उभे राहा, तीनपर्यंत मोजा.

---

थंडीतला पुणेकर

@टाळकरी, थांबण्याचं एकदम पटलं. पूर्वरंग-उत्तररंगाला मात्र माझा विरोध. मी स्टुटगार्टला आहे आणि माझं काम म्हणजे धागाकर्त्याच्या समोरच्या खुर्चीत बसणं. पुरवठादार येतात, सादर करतात, मी ऐकतो. पूर्वरंगात पाच मिनिटं गेली की मी मनातल्या मनात पुढची मीटिंग लावतो. आख्यानाचा शेवट आधी सांगा: काय बिघडलं, आज माझ्या लाइनवर खराब नग येतोय का, तो कसा अडवलाय. मग हवी तेवढी गोष्ट.

वाहनउद्योगात तक्रार सोडवायची एट डी नावाची आठ पायऱ्यांची पद्धत फोर्डने १९८७ मध्ये रूढ केली, ती तुम्हाला पाठ असणारच. त्यातली तिसरी पायरी, म्हणजे खराब माल तात्पुरता अडवणं, यावर माझा सगळा जीव असतो. मुळाचं कारण दोन आठवड्यांनी कळलं तरी चालेल. फर्डं इंग्रजी बोलणारा पुरवठादार तिसऱ्या पायरीवर गुळमुळीत झाला की मला घाम फुटतो. मोडकं बोलणारा एखादा म्हणाला की "गोदामातले ८,००० नग शंभर टक्के तपासले, त्यात सहा सापडले", की मी शांत झोपतो.

प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, आज चारपर्यंत मेल करतो" म्हणा, आणि पावणेचारला मेल करा. आमच्याकडे असल्या माणसाचं नाव लक्षात ठेवतात.

---

टाळकरी

@थंडीतला पुणेकर, बरोबर. घाईतल्या यजमानाकडे आम्हीही आरतीपासून सुरू करतो.

---

गच्चीवरचा

स्लाइडवर फार कोंबू नका हेही कोणीतरी सांगा. कोलंबिया यान आठवा, १ फेब्रुवारी २००३, आपली कल्पना चावला त्यात होती. उड्डाणावेळी फोमचा तुकडा पंखाला लागला होता. यान वर असतानाच अभियंत्यांनी त्यावर स्लाइड केल्या. पुढे चौकशी मंडळाने अहवालात लिहिलं की त्यातली एक स्लाइड अशी होती की वरिष्ठाने ती वाचूनही हा जिवावरचा मामला आहे हे त्याच्या लक्षात न येणं अगदी शक्य होतं. खरा मुद्दा खालच्या ओळींत, बारीक टायपात, बुलेटच्या आत बुलेटमध्ये पुरला गेला होता.

---

सुपारीफोड्या

चाकणच्या ब्रॅकेटवरून थेट अंतराळात. या धाग्याची प्रगती बघून ऊर भरून आला.

---

गच्चीवरचा

@सुपारीफोड्या, हसा. पण ब्रॅकेट गाडीत कुठे बसतो ते धागाकर्त्याला विचारा.

---

तिसरी पाळी (धागाकर्ता)

स्टिअरिंगच्या जवळ. म्हणून तर झोप लागत नाही.

---

मोरपंखी

एक गोळी मिळते, हृदयाची असते पण स्टेजच्या भीतीवर चालते. माझा मावसभाऊ मुलाखतीआधी घेतो, एकदम थंड राहतो. नाव हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

काढा घ्या

@मोरपंखी, व्यनितून औषधं वाटू नका, कळकळीची विनंती. मी डॉक्टर आहे. तुम्ही म्हणताय ती बहुधा प्रोप्रॅनोलॉल. त्याने धडधड आणि थरथर कमी होते हे खरं. पण दम्याच्या रुग्णाला ती घातक ठरू शकते, नाडी मुळात मंद असणाऱ्यालाही त्रास होतो, आणि इन्सुलिनवर असणाऱ्याला साखर उतरल्याची धडधड कळतच नाही. तपासून, चिठ्ठीवर, एवढंच.

धागाकर्ते, तुम्हाला झालं ते ॲड्रिनॅलिन. शरीराला वाटतं समोर वाघ आहे, खरा असतो प्लांट हेड. तोंड कोरडं पडणं, कान गरम होणं, मेंदू कोरा होणं हे सगळं त्यातच आलं. उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवा, चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर, पाच-सहा वेळा, खोलीबाहेर. त्याने नाडी जरा खाली येते. त्या सकाळी तिसरा चहा टाळा. पाण्याची बाटली जवळ ठेवा, घोट घ्यायला थांबलात तर लोकांना विचार करताय असं वाटतं.

आणि एक माहिती, मला स्वतःला तिचा फार उपयोग झाला. २००३ मध्येच साविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला. बोलणाऱ्याला वाटतं आपली घबराट सगळ्यांना दिसतेय, प्रत्यक्षात ती त्याच्या समजुतीपेक्षा बरीच कमी दिसते. आणि गंमत अशी की ज्यांना हे बोलण्याआधी सांगितलं होतं, त्यांची भाषणं खरोखर बरी झाली. तुमच्या कानातली वाफ कोणालाही दिसली नव्हती. दिसलं फक्त गप्प राहणं.

---

पेरूची फोड

टोस्टमास्टर्सचं अजून कोणीच नाव काढलं नाही? १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे सुरू झालेली चळवळ, आता पुण्यातही बरेच क्लब आहेत. तिथे एक माणूस फक्त तुमचे 'अँ', 'म्हणजे', 'यू नो' मोजायला बसलेला असतो. आणि आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचं असतं, ते तुमच्या दुखण्यावर रामबाण, कारण पाठ करायला वेळच नाही. मी दोन वर्षं जातेय.

कबूल करते, तिथे सगळे टाळ्या वाजवतात. वाईट बोललात तरी. रिव्ह्यूत टाळ्या नसतात, तो धक्का वेगळा बसतो. चोवीस दिवसांत फार काही होणार नाही, पण नंतर जा.

---

अनुस्वार

धागा छान चाललाय. वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

---

तिसरी पाळी (धागाकर्ता), चोवीस दिवसांनंतर

मंडळी, झालं एकदाचं. वृत्तांत देतो.

सकाळी दोन नग आणि गो-नोगो गेज कापडात गुंडाळून खिशात टाकलं. खोलीबाहेर श्वास मोजले. सहाव्याला शिपाई म्हणाला, "साहेब, दमा आहे का?"

आत गेलो, उभा राहिलो, तीनपर्यंत मोजलं. ते तीन सेकंद तीन पाळ्यांएवढे होते. मग पाठ केलेलं पहिलं वाक्य: "मागच्या महिन्यात माझ्या स्लाइडवर ७० लिहिलं होतं, ते ७०० होतं, चूक माझी." हिंदीत. प्लांट हेड मान वर करून बघायला लागले. दुसरं वाक्य: "४२ में से ३१ पीस एक ही फिक्स्चर के हैं."

मग नग दिले. चांगल्या नगात गेजची 'गो' बाजू, म्हणजे जायलाच हवी ती, सुळकन गेली. दुसऱ्यात ती भोकाच्या कडेला अडते, तिरकी करून दाबली तरी जात नाही. प्लांट हेडनी दोनदा करून बघितलं, मग कस्टमरच्या माणसाला दिलं. तो खुर्चीतून उठून खिडकीशी गेला, उजेडात धरून बघायला लागला. मी नुसता उभा होतो आणि पहिल्यांदाच त्या खोलीत शांततेची भीती वाटली नाही. फिक्स्चरमध्ये नग जागेवर धरणारी पिन किती झिजली होती, कधीपासून, रात्रपाळीच्या सेटरला नग बसवताना हाताला ढिला लागला आणि त्याने मशीन थांबवून फोन कसा केला, हे सगळं सांगितलं. सेटरचं नावही घेतलं.

इंग्रजीत एकदा अडकलो, 'कंटेनमेंट'नंतरचं वाक्य हरवलं. हिंदीत वळलो. कोणी लक्षही दिलं नाही.

कस्टमरनी विचारलं, पिन झिजली की मशीनच थांबेल अशी पोका-योके बसवायला खर्च किती? माहीत नव्हतं. "चार बजे तक मेल करता हूँ." तीन चाळीसला केला.

आता रडगाणं. प्लांट हेड म्हणाले, चला लाइनवर दाखवा. सगळे उठून गेले. नऊपैकी पाचच स्लाइड झाल्या. दोन रात्री जागून केलेला पॅरेटो (कारणं मोठ्यापासून लहानापर्यंत मांडलेला आलेख) कोणी पाहिलाच नाही. आणि मॅनेजर नंतर म्हणाले, बरं झालं, पण 'बेसिकली' फार म्हणतोस. म्हणजे 'ॲक्च्युअली' गेलं ते तिकडे निघालं. टेबलामागे गुडघे शेवटपर्यंत लटपटत होते, तेही खरं.

---

निवृत्त फोरमन

सेटरचं नाव घेतलंत, हे सगळ्यात आवडलं. त्याला सांगितलं का?

---

तिसरी पाळी (धागाकर्ता)

सांगितलं काका. म्हणाला, "मग चहा तुमच्याकडून."

---

सुपारीफोड्या

पॅरेटो इथे टाका, आम्ही बघतो. बघून वाहवा करू. टोस्टमास्टर्ससारखी.

---

थंडीतला पुणेकर, महिन्याभराने

धागा वर काढतोय. त्या ब्रॅकेटचं पुढे काय झालं? व्यावसायिक कुतूहल.

---

तिसरी पाळी (धागाकर्ता)

पिन बदलली, दर पाळीला तपासणी लावली, पोका-योकेची मंजुरी आली. गेल्या महिन्यात ५८,००० पाठवले, परत आले २.

---

अनुस्वार

म्हणजे साधारण ३४ पीपीएम. मी दोनदा मोजलं.